अणूचा खरा फोटो कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे. शाळेच्या पुस्तकात मध्ये केंद्रक आणि भोवती वर्तुळांवर बसवलेले इलेक्ट्रॉन, असं चित्र आहे. क्लासच्या सरांनी फळ्यावर ठिपक्यांचा ढग काढला आणि 'पुस्तकातलं चूक आहे, पण परीक्षेत तेच काढा' म्हणून सांगितलं. मोबाइलवर 'एका अणूचा खराखुरा फोटो' म्हणून जांभळा ठिपका दिसला, आणि दुसऱ्या एका व्हिडिओत अंड्यांच्या ट्रेसारखे ओळीने मांडलेले उंचवटे. 'बाबा, यातला खरा कोणता?' असं ती विचारतेय. जाता जाता तिने तुम्हाला एक गुगलीही टाकलीय: अणू आतून जवळजवळ पोकळ असेल, तर टेबलावर ठेवलेला हात आरपार का जात नाही?

मी वीसेक वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवतोय. म्हणजे ते अंड्यांच्या ट्रेवाले फोटो काढणं हाच माझा धंदा. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेची मुलं आमच्याकडे येतात आणि पडद्याकडे बघून पहिला प्रश्न हमखास विचारतात: 'सर, अणूचा रंग खरंच भगवा असतो का?' नसतो. तो रंग मी सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला असतो. दुसऱ्या दिवशी हिरवा निवडला तर हिरवा.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवून टाकतो, कारण मुलं हल्ली हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतात. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण आणि रेणू म्हणजे अणू जोडून झालेला. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि 'अणु' हा शब्द दुसऱ्यासाठी, म्हणजे आपल्या रेणूसाठी वापरतात. त्यामुळे हिंदी व्हिडिओत 'पानी का अणु' ऐकून मराठी पेपरात 'पाण्याचा अणू' लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. मार्क जातात, आणि चूक का झाली ते कुणी सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. तिचा प्रश्न 'खरा कोणता' असा आहे, पण अडचण 'दिसणे' या शब्दात आहे. टेबल दिसतं म्हणजे काय होतं? दिव्याचा प्रकाश टेबलावर पडतो, तिथून उलटतो आणि डोळ्यात येतो. त्या परतलेल्या प्रकाशातून आपण कड, कोपरा, रंग ओळखतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग). अणूचा व्यास ०.१ ते ०.५ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे लाट अणूपेक्षा हजारो पटींनी लांब. समुद्रात दहा मीटर लांबीची लाट येतेय आणि वाळूत उदबत्तीची एक काडी खोचलीय अशी कल्पना करा. लाट काडीवरून निघून जाते. पलीकडे गेलेल्या लाटेकडे बघून काडी गोल होती की चौकोनी, हे कुणालाही सांगता येणार नाही. भिंग कितीही चांगलं आणा, साध्या प्रकाशात अणूची कड दिसत नाही. दोष भिंगाचा नाही, प्रकाशाच्या लांबीचा आहे.

मग तो जांभळा ठिपका? तो फोटो खराच आहे. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या डेव्हिड नॅडलिंगर यांनी साध्या कॅमेऱ्याने काढलेला, आणि २०१८ साली ब्रिटनमधल्या एका विज्ञान-छायाचित्र स्पर्धेत तो पहिला आला. निर्वात पेटीत, एकमेकांपासून सुमारे दोन मिलीमीटर अंतरावर असलेल्या धातूच्या दोन टोकांच्या मध्ये, विद्युतक्षेत्राच्या जोरावर स्ट्रॉन्शियमचा एकच विद्युतभारित अणू अधांतरी धरून ठेवला होता. त्याच्यावर निळसर-जांभळा लेसर सोडला की तो अणू तोच प्रकाश शोषतो आणि परत फेकतो, सेकंदाला लाखो वेळा. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं, तेवढा प्रकाश जमला, ठिपका उमटला.

पण त्या ठिपक्याचा आकार हा अणूचा आकार नव्हे. रात्री आकाशात व्याधाचा तारा दिसतो. आपल्याला तो आहे हे कळतं, किती तेजस्वी आहे हे कळतं. त्याची थाळी गोल आहे की चपटी, हे नुसत्या डोळ्यांना कधीच कळत नाही. ठिपक्याची जी काही रुंदी दिसते ती डोळ्याची किंवा लेन्सची. तो फोटो म्हणतो 'इथे एक अणू आहे'. तो अणू कसा आहे, याबद्दल त्यात एक शब्द नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर याच स्ट्रॉन्शियमची संयुगं दिवाळीच्या फटाक्यांत लाल रंगासाठी घालतात. फटाक्यात लाल, त्या निर्वात पेटीत जांभळा. तेव्हा स्ट्रॉन्शियमचा 'रंग' कोणता हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. तो कोणाशी जोडलेला आहे आणि त्याला ऊर्जा कशी दिली, यावर उत्तर अवलंबून. सोन्याचा एकटा अणूसुद्धा सोनेरी नसतो. सोनेरीपणा यायला असे असंख्य अणू एकत्र येऊन धातू व्हावा लागतो.

आता माझ्या यंत्राकडे येतो, इथे जरा रेंगाळणार आहे.

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली असेल. नाण्यावरची छाप कागदावर उमटते. आमचं यंत्र साधारण त्याच जातीचं आहे, फक्त पेन्सिल नाण्याला टेकत नाही. प्लॅटिनम-इरिडियमची बारीक तार घ्यायची आणि पकडीने तिरकी ओढत तोडायची. हो, इतक्या महागड्या यंत्राचं टोक आम्ही असं हाताने तोडून बनवतो. नशीब चांगलं असेल तर तुटलेल्या टोकावर एखादाच अणू सगळ्यांच्या पुढे आलेला असतो, आणि काम तोच करतो. हे टोक पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आणायचं, मध्ये थोडा व्होल्टेज लावायचा. स्पर्श नसतानाही अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो, एक अब्जांश अँपिअरच्या घरातला. गंमत अशी की अंतर ०.१ नॅनोमीटरने, म्हणजे अर्ध्या अणूइतकं वाढलं, तर हा प्रवाह जवळजवळ एक दशांशावर येतो. टोक ओळीने पुढे-मागे फिरवत राहायचं, प्रवाह तोच राहावा म्हणून ते किती वर-खाली करावं लागलं याची नोंद ठेवायची. त्या नोंदीचा नकाशा म्हणजे ती अंड्यांची ट्रे. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी झुरिकला १९८१ मध्ये हे जमवलं, १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

नवा माणूस आला की त्याला पहिला नमुना ग्रॅफाइटचा देतात, मलाही तोच दिला होता. चिकटपट्टी लावायची, सर्रकन ओढायची, वरचा थर निघून येतो आणि खाली कोरा करकरीत पृष्ठभाग मिळतो. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनात बसलेले असतात आणि शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर असतं, हे मी पाठ करून गेलो होतो. रात्री अकराला, लिफ्ट थांबल्यावर, एसी बंद करून, श्वास रोखून पहिलं स्वच्छ चित्र मिळालं. मोजलं तर अंतर आलं ०.२४६. पोळं नव्हतंच, नुसते त्रिकोणात मांडलेले ठिपके होते. मला वाटलं यंत्राचं माप चुकलंय. दोन दिवस मी त्याच्या मागे लागलो. तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडमनी चित्र पाहिलं आणि शांतपणे विचारलं, 'निम्मे अणू कुठे गेले?'

निम्मे अणू तिथेच होते. ग्रॅफाइटच्या वरच्या थरातल्या एकाआड एक अणूच्या बरोबर खाली, पुढच्या थरात दुसरा अणू असतो. अशा अणूचे आमच्या कामाचे इलेक्ट्रॉन खालच्या अणूशी गुंतलेले राहतात, टोकाला फारसे मिळत नाहीत. ज्याच्या खाली जागा रिकामी आहे, तो मात्र मोकळेपणाने प्रवाह देतो. म्हणून यंत्राला सहापैकी तीनच दिसतात. माप बरोबर होतं, चित्र बरोबर होतं, 'उंचवटा म्हणजे अणू' ही माझी समजूत चुकीची होती. उंचवटा म्हणजे त्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सहज देवाणघेवाण करता येतील अशी जागा. गॅलियम आर्सेनाइडच्या एका पृष्ठभागावर तर एका दिशेने व्होल्टेज लावला की गॅलियमचे अणू उठून दिसतात, दिशा उलटी केली की आर्सेनिकचे. नमुना तोच, जागा तीच.

त्यामुळे आमची चित्रं खोटी आहेत असं कुणी म्हटलं तर मी भांडेन, आणि 'हा अणूचा चेहरा' असं म्हटलं तरी भांडेन. (टोकावर चुकून दोन अणू सारखेच पुढे आलेले असतील तर प्रत्येक गोष्ट दोनदा उमटते. असली जोडचित्रं नवी पोरं मोठ्या हौसेने 'नवीन शोध' म्हणून घेऊन येतात. मीही नेली होती.) अणू दाखवणारं पहिलं यंत्र मात्र आमचं नव्हे. १९५५ मध्येच अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्य विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या अणकुचीदार टोकावरचे अणू पडद्यावर तेजस्वी ठिपक्यांच्या रूपात पाहिले होते. तिथे काम करत होते हेलियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. कंवर बहादूर हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता वर्तुळं की ढग. तुमच्या क्लासच्या सरांनी 'चूक आहे पण तेच काढा' म्हटलं, ते मला पटत नाही. लोकलच्या डब्यात दाराच्या वर स्टेशनांची पट्टी असते. सरळ रेघ, सारख्या अंतरावर ठिपके. रूळ काही तसे सरळ नाहीत, स्टेशनंही सारख्या अंतरावर नाहीत. पण घाटकोपरला उतरायचं असेल तर कुर्ल्यानंतर कधी उठायचं ते त्या पट्टीवरून बिनचूक कळतं. वर्तुळांचं चित्र ही तशी पट्टी आहे. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. एकाला एक जास्त झालाय, दुसऱ्याला एक कमी पडतोय, म्हणून मीठ तयार होतं. हा हिशोब वर्तुळांवर जितका सुटसुटीत होतो तितका ढगावर होत नाही. दहावीपर्यंतच्या रसायनाला हिशोबच लागतो.

पट्टीलाच नकाशा समजून चालायला लागलं की घोटाळा होतो. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा खरोखर फिरत असता, तर फिरणारा विद्युतभार सतत प्रकाशाच्या रूपात ऊर्जा गमावतो या नियमाने, सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागात तो केंद्रकात जाऊन पडला असता. बोर यांनी १९१३ मध्ये 'काही ठरावीक कक्षांत तो ऊर्जा गमावत नाही' असं गृहीत धरून हायड्रोजनच्या वर्णरेषांचा, म्हणजे तो सोडतो त्या ठरावीक रंगांच्या रेषांचा, हिशोब बसवला. हिशोब सुरेख बसला, पण का गमावत नाही ते कळलं नाही. ते १९२६ नंतर श्रोडिंगर यांच्या समीकरणाने कळू लागलं. आणि त्यात एक मजेदार गोष्ट निघाली: सगळ्यात कमी ऊर्जेच्या हायड्रोजन अणूत इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग शून्य असतो. म्हणजे तो केंद्रकाभोवती फिरतच नसतो! मग पडत का नाही? कारण त्याला जितक्या लहान जागेत कोंबाल तितकी त्याची धडपड, म्हणजे गतिज ऊर्जा, वाढते. केंद्रकाची ओढ आत खेचते, कोंडमारा बाहेर ढकलतो, आणि ०.०५३ नॅनोमीटरच्या आसपास तडजोड होते.

ढगाच्या चित्रातही एक फसगत आहे. ढगातले शेकडो ठिपके म्हणजे शेकडो इलेक्ट्रॉन नव्हेत. हायड्रोजनमध्ये एकच आहे. ठिपके दाट तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त, इतकाच अर्थ. मुलं पुढे अकरावी-बारावीत विचारतात, ढग केंद्रकापाशी सगळ्यात दाट असताना 'सर्वाधिक शक्यतेचं अंतर' ०.०५३ कसं? गणपतीच्या मंडपात मूर्तीपाशी गर्दी सगळ्यात दाट असते, पण तिथे जागाच थोडी. दहा पावलं मागच्या गोलात गर्दी विरळ, पण गोल मोठा, म्हणून एकूण माणसं तिथे जास्त. तसंच. ढगांचे आकारही वेगवेगळे असतात, काही गोल, काही डमरूसारखे. तरी एकमेकांना काटकोनात बसलेले तीन डमरू पूर्ण भरले की बेरीज पुन्हा गोलच होते. एकटा निऑनचा अणू म्हणूनच सगळीकडून सारखा. हिऱ्यात जोडलेल्या कार्बनचं तसं नाही, त्याचा ढग चार शेजाऱ्यांकडे ओढलेला असतो. तेव्हा 'अणूचा आकार' हाही तो एकटा आहे की चार जणांत, यावर ठरतो.

आणि ती गुगली. हायड्रोजनचं केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढं करून क्रिकेटच्या मैदानात मधोमध ठेवलं, तर इलेक्ट्रॉनचं ते ०.०५३ नॅनोमीटर अंतर साधारण बाउंड्रीच्या दोरीजवळ येईल. सोन्याचं केंद्रक तुलनेने मोठं. तीच मोहरी ठेवली तर अणूची कड वीस मीटरवर, म्हणजे खेळपट्टीच्या लांबीएवढ्या अंतरावर. अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्या मोहरीत. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडन यांनी वर्खासारख्या पातळ सोन्यावर अल्फा कण, म्हणजे हेलियमची वेगवान केंद्रकं, सोडले, अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या ठिणग्या एकेक करून मोजल्या. बहुतेक कण सरळ निघून गेले, हजारोंमध्ये एखादा उलटा फिरला. त्यावरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाचं चित्र मांडलं. 'अणू पोकळ आहे' हे वाक्य तिथून आलं. पण ते अल्फा कणाचं मत आहे. तो जड, प्रचंड वेगाचा, इलेक्ट्रॉनांना न जुमानणारा.

तुमचा हात तसा नाही. हाताच्या अणूंचे ढग टेबलाच्या अणूंच्या ढगांवर येऊ पाहतात. ते एकमेकांना ढकलतात, शिवाय पाउली यांचा नियम आहे की एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. एसटीचं रिझर्वेशन समजा: सीट भरलेली आहे, नव्याला वरच्या टपावर जावं लागेल, आणि तिथे चढायला ऊर्जा लागते. तुमच्या हाताच्या दाबात तेवढी ऊर्जा नसते. अल्फा कणाला तेच टेबल वरून निदान काही हजारांश मिलीमीटर तरी मोकळं वाटतं, तुमच्या हाताला अगदी वरच्या थरापासूनच भरलेलं. दोघंही खरं बोलताहेत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जांभळा ठिपका अणू कुठे आहे ते सांगतो. आमची अंड्यांची ट्रे पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन कुठे हाताशी आहेत ते सांगते. वर्तुळं किती इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात ते सांगतात. ढग ते कुठे सापडू शकतील ते सांगतो. परीक्षेत वर्तुळंच काढायची, मनात चूक काढतोय असं वाटून न घेता. ती अकरावीला विज्ञान घेणार असेल तर ढगाची घाई करू नका, तिथे तो पुरेशा गणितासह येतो. घेणार नसेल, तर उलट आत्ताच ढग दाखवा, नाहीतर आयुष्यभर डोक्यात छोटी सूर्यमाला राहील.

एक गोष्ट आज रात्रीच करता येईल, तुम्ही शेजारी उभे राहून. गॅसची निळी ज्योत बारीक ठेवा आणि चमच्याच्या टोकावर ओलं मीठ घेऊन तिच्या कडेला धरा. ज्योत झटकन पिवळी होते. एलईडी येण्याआधी रस्त्यावर सोडियमचे दिवे असायचे, त्याच जातीचा पिवळा. तो ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश तिने वहीत काढलेल्या २, ८, १ मधल्या शेवटच्या एकाचा आहे: तो एक पायरी वर जातो आणि खाली येताना हा रंग सोडतो. मग तिला विचारा, पांढऱ्या मिठातून पिवळा आला कुठून. तिचं उत्तर मला कळवा, मुलांची या प्रश्नाची उत्तरं मी जमवतो.